शिरीषचं जॅकेट

दुकानातल्या लांब टेबलावर तीन जॅकेटं पसरली होती आणि गोपीनाथ एकेकाची बाही कानाशी धरून चोळून बघत होता. दुकानातली मुलगी तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. तिनं आजवर जॅकेटाचा रंग बघणारी माणसं पाहिली होती, आवाज ऐकणारा पहिलाच. पण गोपीनाथ अठ्ठावन्न वर्षांचा, त्यातली तीस वर्षं जहाजांच्या इंजिनात घालवलेला माणूस. वस्तू नीट तपासायची तर लाज बाजूला ठेवावी लागते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बारा महिने घाम पुसणाऱ्या सिंगापुरात थंडीच्या कपड्यांची दुकानं झोकात चालतात, कारण इथल्या माणसाला थंडी हे सहलीला जायचं ठिकाण वाटतं. गोपीनाथच्या लेकीची, गार्गीची, गोष्ट मात्र वेगळी होती. ती एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये सू-शेफ, म्हणजे दुसऱ्या नंबरची आचारी, होती आणि तिचा हेड शेफ न्यूझीलंडचा होता. जे मांस आपण रोज ताटात वाढतो ते एकदा तरी स्वतःच्या हातानं डोंगरावरून आणावं, नाहीतर वाढू नये, असं त्याचं म्हणणं. म्हणून जूनमध्ये, तिकडे ऐन हिवाळा असताना, तो किचनमधल्या चौघांना तिकडच्या बर्फाच्या डोंगरांत ताहरच्या शिकारीला नेणार होता. ताहर म्हणजे लांब आयाळीचा रानबोकड. मूळचा आपल्या हिमालयातला, शंभरेक वर्षांपूर्वी कुणा गोऱ्यानं तिकडे नेऊन सोडला आणि तिकडेच वाढला.

"हिमालयातला बोकड मारायला न्यूझीलंडला जायचं," गोपीनाथची बायको सुमित्रा स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली होती, "म्हणजे शेजारणीकडे मीठ मागायला विमानानं जाण्यासारखं झालं." गार्गीनं सिंगापुरी ढंगात "आई, प्लीज लाह" म्हणून विषय संपवला होता.

शेफनं गार्गीला यादी दिली होती. जॅकेटाच्या वरच्या कापडाचा आवाज नको, ताहरचे कान तिखट असतात. टोपीवरून बसेल एवढं हूड हवं. आत दोन कपडे घालूनही हात मोकळे हलायला हवेत. पिशवीत कोंबलं तर पाण्याच्या बाटलीपेक्षा फार मोठं होता कामा नये. टेबलावरचं पहिलं जॅकेट जाडजूड होतं, ते घातलं की माणूस कपाटासारखा दिसायचा. दुसरं पिसांचं, हातात घेतलं तरी वजन कळू नये इतकं हलकं, आणि गार्गीची नजर त्याच्यावरच होती. तिसऱ्यात पिसं नव्हती, कृत्रिम धाग्याचा कापूस होता. रंग शेवाळी, दिसायला अगदी गोधडी.

गोपीनाथनं तिसरं उचललं. शिवण उलटी करून बघितली, आतला कापूस चिमटीत दाबून सोडला आणि हेच घ्यायचं असं सांगून टाकलं.

"पण बाबा, पिसांचं जास्त वॉर्म असतं. सगळे सांगतात."

"कोरडं असेपर्यंत," गोपीनाथ म्हणाला.

त्यावर तो आणखी काही बोलणार होता, पण सुमित्रा स्टुलावरून उठली. तिनं शेवाळी जॅकेटाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "विकत कशाला घ्यायचं? घरी शिरीषचं आहे की."

गोपीनाथच्या हातातली बाही तशीच राहिली.

शिरीष सुमित्राचा धाकटा भाऊ. एकवीस वर्षांपूर्वी, पंचविसाव्या वर्षी, बाल्टिकमधल्या एका बंदरात जहाजावर गारठून गेला. गार्गी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मामा आठवायचा तो पाठीवर बसवून हर्णैच्या वाळूत पळणारा. ज्या जहाजावर तो चौथा इंजिनीअर होता त्याच जहाजावर गोपीनाथ दुसरा इंजिनीअर होता. त्यानंच खटपट करून मेव्हण्याला तिथे लावून घेतलं होतं. आणि त्या थंडीत गोपीनाथनं स्वतःचं हॅम्बुर्गला घेतलेलं हंसाच्या पिसांचं जॅकेट अंगातून काढून शिरीषला घातलं होतं, ही गोष्ट सुमित्राच्या माहेरी देवाच्या कहाणीसारखी सांगितली जायची. पोर वाचलं नाही ते नशीब, पण जावयानं आपली ऊब काढून दिली, असं सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या. प्रेताबरोबर आलेलं ते जॅकेट त्यांनी धुऊन, वाळवून लेकीच्या हवाली केलं. सुमित्रा ते सिंगापूरला घेऊन आली आणि दर वर्षी त्याला ऊन दाखवत आली.

घरी येताच तिनं कपाटावरची बॅग खाली घेतली. चोआ चू कांगमधल्या त्यांच्या तीन खोल्यांत डांबरगोळ्यांचा वास पसरला. जॅकेट निळं होतं, पुष्कळ जुनं, पण पिसं अजून टवटवीत. गार्गीनं घातलं आणि आरशासमोर फिरून बघितलं. खांद्यात बसलं, हातात बसलं. आतली पट्टी वाचून ती म्हणाली की अशी पिसं आता मिळतसुद्धा नाहीत. सुमित्रा तिच्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"मामा तुझ्या पाठीशी राहील," ती म्हणाली. "आणि बाबांची मायाही आहे त्याच्यात."

गोपीनाथनं हरकती काढायला सुरुवात केली. डांबरगोळ्यांचा वास जनावराला मैलावरून येईल. सुमित्रा म्हणाली, तीन दिवस उन्हात टाकते. निळा रंग बर्फात उठून दिसेल. गार्गी म्हणाली, शेफकडे वरून घालायचं पातळ कव्हर आहे. पिसं जुनी झाली असतील. दोघी म्हणाल्या, हात लावून बघा. हरकती सगळ्या खऱ्या होत्या आणि एकही खरी नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. सुमित्रानं शेवटी त्याच्याकडे जरा चमकून बघितलं आणि विचारलं की शिरीषच्या वस्तूचा तुम्हाला एवढा तिटकारा कधीपासून आला? गोपीनाथनं रिकामी बॅग उचलून पुन्हा कपाटावर ठेवली. मंगळवारी गार्गीचं विमान होतं आणि आज शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी सुमित्रानं जॅकेटाच्या बाह्यांतून बांबू घातला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या खोबणीत अडकवला. दहाव्या मजल्यावर ते निळं जॅकेट हात पसरून उन्हात लटकत राहिलं. गोपीनाथ चहाचा कप धरून त्याच्याकडे बघत उभा होता. चहा निवला तरी त्याला कळलं नाही.

त्याला जे ठाऊक होतं ते जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी उणे अठरा होतं. जहाजाच्या नाकावरचं नांगर ओढायचं यंत्र बर्फात गोठून बसलं होतं आणि ते मोकळं करायला शिरीषला पाठवायचं होतं. कोकणातल्या पोराला थंडी म्हणजे माघातली पहाट. बायकोचा एकुलता एक भाऊ. गोपीनाथनं स्वतःचं जॅकेट त्याला घातलं, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि बजावलं, काही झालं तरी हे काढायचं नाही. शिरीषनं तीन तास वाफेची नळी आणि हातोडा घेऊन बर्फ फोडलं. मध्ये वॉकीटॉकीवर त्यानं विचारलं, भावोजी, घाम येतोय, जॅकेट काढू का? गोपीनाथ म्हणाला, नको, थंडी लागेल. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. गोपीनाथ पुन्हा तेच म्हणाला. यंत्र मोकळं झालं. मग ते पुन्हा गोठू नये म्हणून हळूहळू फिरत ठेवायचं होतं आणि त्याच्याजवळ कुणीतरी दोन तास नुसतं बसायचं होतं. शिरीष बसला. आतला सदरा घामानं चिंब, पिसं भिजून गोळा झालेली, आणि समुद्रावरचा वारा. वॉकीटॉकी गप्प झाला तेव्हा गोपीनाथला वाटलं, थंडीनं बॅटरी उतरली असेल. त्या भागात बॅटऱ्या उतरतातच. तो खाली बॉयलरशी झगडत राहिला. पाळी बदलायला माणूस पुढे गेला तेव्हा शिरीष यंत्राला टेकून बसलेला होता.

चौकशीत थंडी लिहिलं गेलं. जॅकेटाबद्दल कुणी विचारलंच नाही. वर्षभरानं सिंगापुरातच एका सुरक्षेच्या वर्गात म्हातारा नॉर्वेजियन मास्तर सांगत होता: थंडीत माणूस थंडीनं मरत नाही, आपल्या घामानं मरतो. कामाला लागायच्या आधी काढा, थांबताक्षणी घाला. पिसं भिजली की अंगावर ओला कागद घातल्यासारखं. गोपीनाथ वहीत उतरवून घेत होता. अर्ध्या वाक्यात त्याचं पेन थांबलं आणि मग वर्ग संपेपर्यंत ते पुढे गेलं नाही.

तेव्हापासून सासुरवाडीला गेलं की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सासूबाई त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणायच्या, माझ्या लेकीनं नवरा नाही, देव निवडला. तो मान खाली घालायचा आणि लोक म्हणायचे, किती विनयी माणूस.

आता त्याच जॅकेटात त्याची पोर चढण चढणार होती. शिकार म्हणजे दुसरं काय असतं? तीन-चार तास पाठीवर ओझं घेऊन वर चढायचं आणि मग दगडामागे दोन तास हलायचं नाही. आणि गार्गी सिंगापुरात वाढलेली. आपली उष्ण मुलखातली माणसं थंडीला घाबरून सगळं आधीच अंगावर चढवतात आणि उतरवायचं नाव घेत नाहीत. तिनं ते काढू नये म्हणून तिची आई विमानतळावर दहा वेळा बजावणार, हेही त्याला ठाऊक होतं. खरं सांगितलं तर पोर वाचेल. खरं सांगितलं तर सुमित्राला कळेल.

गोपीनाथनं, घाबरलेली माणसं काढतात तसा, मधला मार्ग काढला. सापही मरावा आणि काठीही तुटू नये. जहाजांना शिधा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कोल्ड स्टोअरची यंत्रं तो हल्ली सांभाळायचा. जुरोंगला, उणे वीसची खोली. गार्गीला मामाचं जॅकेट घालून तिथे नेऊ, असं त्यानं ठरवलं. खोके उचलायला लावू, घाम येऊ देऊ आणि मग अर्धा तास बसवू. जे आपल्या तोंडून निघत नाही ते थंडी सांगेल. मग ती आपणहून म्हणेल, बाबा, ते शेवाळी घेऊ या.

रविवारी दुपारी तिघं गेली. सुमित्राला यायचंच होतं. कोल्ड स्टोअरचा नियम असा की कुणी आत गेलं की एकानं दाराबाहेर काचेशी थांबायचं. तिथे बोलायला एक बटण होतं आणि आत भिंतीवर स्पीकर. गोपीनाथनं तिला बटण दाखवलं. स्वतः कंपनीचा जाड फ्रीझर सूट चढवला. गार्गी किचनच्या फ्रीझरमध्ये रोज जाणारी, तिला या सगळ्याची गंमतच वाटत होती. निळ्या जॅकेटाची चेन तिनं हनुवटीपर्यंत ओढली आणि विचारलं, "व्हॉट आय डू?"

मटणाचे चाळीस खोके होते, बारा बारा किलोंचे. डावीकडच्या फळ्यांवरून उजवीकडच्या वरच्या फळीवर, तीन पायऱ्यांची शिडी चढून ठेवायचे. गोपीनाथ दाराशी उभा राहिला. वर पंखे घोंघावत होते आणि खोलीभर पांढरा श्वास तरंगत होता. पहिले दहा खोके तिनं हसत हलवले. पंधराव्यानंतर हसणं थांबलं. विसाव्याला तिनं हूड मागे टाकलं. तिच्या केसांतून वाफ निघताना गोपीनाथला दिसली. ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. आता अजून वीस, मग बसवायचं. तो मनात खोके मोजत राहिला, कारण दुसरा कसला विचार करायची त्याची तयारी नव्हती.

काचेपलीकडे सुमित्रा दोन्ही तळवे काचेला लावून उभी होती. मध्येच ती लेकीकडे बघून हसायची. निळं जॅकेट, तेच खांदे, तीच वळायची ढब. तिला कोण दिसत होतं हे काही सांगायला नको.

सत्ताविसावा खोका ठेवून गार्गी शिडीवरून उतरली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिनं गळ्याशी चेन धरली आणि बापाकडे वळली.

"बाबा, काढू का? आत फुल घाम आलाय."

एकवीस वर्षं हा प्रश्न गोपीनाथनं पुन्हा कधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्याचं उत्तर काय द्यायचं हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं आणि तरी त्याची जीभ टाळूला चिकटली, कारण ठरलेल्या योजनेत उत्तर द्यायचंच नव्हतं. योजनेत पोरीनं भिजायचं होतं.

तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला.

"काढू नकोस गं. थंडी लागेल."

सुमित्राचा आवाज. तीच माया, तेच शब्द, शब्दांमागचा तोच धाक. गार्गीनं मान डोलावली आणि चेन पुन्हा वर ओढली. आईचं ऐकायचं म्हणून. शिरीषनंही अशीच ओढली असेल, तिकडे एकटं, कुणी बघत नसताना.

"काढ," गोपीनाथ म्हणाला. पंख्यांच्या आवाजात ते तिला ऐकूच गेलं नाही. तो धावला. जाड हातमोज्यांत चेनचं टोक सापडेना, म्हणून त्यानं दातांनी हातमोजा ओढून फेकला आणि उघड्या बोटांनी चेन खाली खेचली. "काढ ते. आत्ता काढ. कुणी काही म्हणू दे." ती "बाबा, व्हॉट हॅपन्ड?" म्हणत होती आणि तो तिच्या अंगातून जॅकेट ओरबाडून तिला दाराकडे ढकलत होता.

बाहेर आल्यावर माल चढवायच्या ओट्यावरची ऊन हवा अंगावर आली. गार्गीचा सदरा पाठीला चिकटला होता. सुमित्रा भडकली. पोरीला असं उघडं करून बाहेर काढतात का, आजारी पडेल, तुमचं काही बिघडलंय का, असं ती एका दमात बोलली. गोपीनाथ भिंतीला टेकून खाली बसला.

"सुमित्रा," तो म्हणाला, "मी शिरीषला हे काढू दिलं नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि हे तांबडं फुटायला एकवीस वर्षं लागली होती. यंत्र, वाफेची नळी, घाम, भिजलेली पिसं, नॉर्वेजियन मास्तरचा वर्ग. आजची युक्तीही सांगितली, म्हणजे आपल्याला बोलावं लागू नये म्हणून पोरीला थंडीत घातलं होतं ते. सांगताना त्यानं एकदाही वर बघितलं नाही.

सुमित्रा खाली पडलेलं जॅकेट उचलून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात आतल्या अस्तरावरून फिरत होता. अस्तर ओलं होतं. काखेजवळ आणि पाठीवर पिसांचे चिकट गोळे झाले होते. ती ते गोळे बोटांनी एकेक करून दाबत होती.

"शिरीषनं विचारलं होतं?" तिनं विचारलं. "काढू का म्हणून?"

"हो."

"किती वेळा?"

गोपीनाथला खोटं बोलायची शेवटची संधी होती. एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"दोनदा," तो म्हणाला.

सुमित्रानं जॅकेट त्याच्याशेजारी ओट्यावर ठेवलं. फेकलं नाही, नुसतं ठेवलं. मग पर्समधून रुमाल काढून गार्गीची मान पुसली आणि म्हणाली, "चल. दुकान बंद व्हायच्या आत जाऊ." दोघी रस्त्याकडे गेल्या. त्याला कुणी चल म्हटलं नाही. तो तासाभरानं एमआरटीच्या गाडीनं घरी गेला, मांडीवर निळं जॅकेट घेऊन. बाहेर बत्तीस डिग्री होतं आणि डब्यातली माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याच्या पँटला ओल लागली.

दुकानात काय झालं ते त्याला गार्गीनं नंतर सांगितलं. आईनं कानाशी धरून बाह्या चोळल्या. आतला कापूस चिमटीत दाबून सोडला. मग दुकानातल्या मुलीकडून पाण्याचा ग्लास मागून घेतला, मॅनेजरला बोलावून परवानगी घेतली आणि शेवाळी जॅकेटाच्या कोपऱ्यावर पाणी ओतून तो कोपरा पिळून बघितला. कापूस पुन्हा फुगला तेव्हाच ती हो म्हणाली. मोठा साइज तिनंच काढायला लावला, आत लोकर घालता यावी म्हणून.

मंगळवारी चांगी विमानतळावर गार्गीनं बापाला घट्ट मिठी मारली. सुमित्रानं लेकीची कॉलर सारखी केली.

"घाम आला की काढ," ती म्हणाली. "थांबलीस की घाल. आणि काढू का म्हणून कुणाला विचारत बसू नकोस. तुझ्या शेफला नाही, मला नाही. कुणालाच नाही."

गोपीनाथ दोन पावलं मागे उभा होता.

त्यानंतर घरात बोलणं असं राहिलं नाही. ताट वाढलं जायचं. "जेवायला वाढलंय" हे भिंतीला सांगितलं जायचं आणि भिंतीच्या वतीनं गोपीनाथ उठायचा. त्याला रागावलेली सुमित्रा ठाऊक होती. ती भांडी आपटायची. ही भांडी आपटत नव्हती. त्याला त्याचीच भीती वाटत होती. ओलं जॅकेट त्यानं बाथरूमच्या दारामागे टांगलं होतं. तिनं ते हलवलं नाही आणि त्यालाही हलवायचा धीर झाला नाही. दोन दिवस गार्गीचा काही निरोप नव्हता. डोंगरात फोन लागत नाही हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही दर पाच मिनिटांनी आपापला फोन बघत होती.

कोल्ड स्टोअरच्या त्या रविवारनंतर सहाव्या दिवशी दुपारी सुमित्राचा फोन वाजला. तिनं चष्मा लावला आणि बराच वेळ फोनकडे बघत बसली. गोपीनाथ समोर ताटावर होता, आमटी-भात पुढ्यात. मग सुमित्रानं फोन टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

दोन फोटो होते. पहिल्यात गार्गी बर्फाच्या उतारावर वाकून चढत होती, अंगात नुसता लोकरीचा पातळ सदरा, आणि शेवाळी जॅकेट पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्याखाली कोंबलेलं. दुसऱ्यात ती एका दगडामागे बसली होती, जॅकेटाची चेन बंद, हूड वर, नुसतं नाक बाहेर. खाली लिहिलं होतं: ताहर दिसला, नेम चुकला. थंडी नाही.

गोपीनाथनं फोन उलटा ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुमित्रा उठली. बाथरूमच्या दारामागून तिनं जॅकेट आणलं आणि टेबलावर ठेवलं. ते वाळलं होतं, पण पिसांचे गोळे तसेच होते. ती त्याच्यासमोर बसली आणि एकेक गोळा बोटांनी मोकळा करू लागली. बराच वेळ ती तेच करत होती.

"दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा," ती मान वर न करता म्हणाली, "तो घाबरला होता का हो?"

सहा दिवसांतलं हे तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य होतं.

"नाही," गोपीनाथ म्हणाला. "हसत होता."

"काय म्हणाला? त्याचे शब्द सांगा."

गोपीनाथला ते शब्द रोज ऐकू यायचे. पण ते सांगायचे तर त्यांच्यापुढचं आपलं उत्तरही सांगावं लागलं असतं, म्हणून त्यानं ते एकवीस वर्षं दडवले होते. आपण हिच्यापासून आपली चूक लपवत होतो असंच त्याला वाटत आलं होतं. तिच्या भावाचं शेवटचं बोलणंही आपणच दाबून ठेवलंय, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"म्हणाला, भावोजी, आता तरी काढू का? ताईला कळवा, तिच्या भावाचा उकडीचा मोदक झालाय."

सुमित्राची बोटं थांबली. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो अर्धा हसण्याचा होता, आणि मग ती जॅकेटात तोंड खुपसून रडली. सासूबाई गेल्या तेव्हाही ती अशी रडली नव्हती. गोपीनाथ तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला आणि अर्ध्यावरच थांबला. त्या हाताला आता तो हक्क उरला आहे की नाही, हे त्याला कळेना. हात टेबलावरच राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. चष्मा पदरानं स्वच्छ केला, लावला आणि पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघितलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "तो म्हणाला तसं."

त्यानं पुन्हा सांगितलं.